रोस्टर लिहिणारा हात कोणाचा?

गेल्या वर्षी आर्णीच्या कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर एक तरुण मला शोधत आला. तालुक्यातल्याच एका खेड्यातला. बी.कॉम. झालेला, टंकलेखनाची परीक्षा पास केलेला. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत एका सार्वजनिक उपक्रमाची भरतीची जाहिरात होती. लिपिकांची पदे होती, पण अनुसूचित जातीच्या रकान्यात 'निरंक' छापले होते. त्याने त्या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "वकीलसाहेब, हे निरंक कोन लिहिते जी?"

प्रश्न साधा होता. मला मात्र लगेच उत्तर देता आले नाही. मुख्यमंत्री लिहीत नाही. आमदार, खासदारही लिहीत नाहीत. शासन निर्णयात तो शब्द नसतो, कायद्यात तर नसतोच. तो शब्द त्या उपक्रमाच्या कार्मिक विभागात, एका टेबलावर, एका अधिकाऱ्याच्या सहीने जन्माला येतो. त्या अधिकाऱ्याला कोणी पर्सोनेल मॅनेजर म्हणतात, कोणी आस्थापना अधिकारी, तर आजकाल एचआर साहेब. आपण चळवळीत पन्नास वर्षे मंत्रालयावर मोर्चे नेले, परंतु या टेबलाकडे कधी नीट पाहिले नाही. आजचा लेख त्या टेबलाविषयी आणि तिथे बसणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनांविषयी आहे.

त्या तरुणाला मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला. तीस दिवसांत उत्तर आले नाही. पहिले अपील केले तेव्हा बिंदुनामावलीची नक्कल हाती पडली. संवर्गात मंजूर पदे ४०. अनुसूचित जातीचे १३ टक्के, म्हणजे ५ पदे. नोंदवहीत पाचही पदे भरलेली दाखवली होती, म्हणून जाहिरातीत निरंक. वरवर पाहता हिशेब चोख. पण जुन्या निवड याद्या मागवून नावे जुळवली तेव्हा दिसले की, त्या पाचांपैकी दोघे अनुसूचित जातीचे असले तरी त्यांची निवड खुल्या गुणवत्तेवर झाली होती. कोणतीही सवलत न घेता ते वरच्या यादीत आले होते. त्यांची नोंद खुल्या बिंदूवर व्हायला हवी होती. ती राखीव बिंदूवर केली गेली आणि आपल्या दोन जागा गिळल्या गेल्या. त्यासाठी दंगल झाली नाही, शिवीगाळ झाली नाही. एका रकान्यातले नाव दुसऱ्या रकान्यात लिहिले, एवढेच.

हे प्रकरण अजून सुरू आहे, म्हणून त्या उपक्रमाचे नाव इथे देत नाही. आणि खरे सांगायचे तर नावाने फरकही पडत नाही. असे कित्येक कागद माझ्या टेबलावर येऊन गेले आहेत.

जॉबरपासून साहेबापर्यंत

हा कार्मिक अधिकारी आला कुठून, हे आधी समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या कापड गिरण्यांत माणसे भरण्याचा अधिकार पूर्वी जॉबरकडे असे. तो आपल्या गावचे, आपल्या नात्याचे, आपल्या जातीचे लोक भरायचा. कामावर घ्यायचे पैसे खायचा. कोणाला बदलीवर ठेवायचे, कोणाला काढायचे, हे त्याच्या मर्जीवर. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात शिरकाव नव्हता. धागा तुटला की तो तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. ज्या खात्यात मजुरी जास्त, त्याच खात्याचे दार आपल्या बापजाद्यांना बंद होते. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला होता, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने, म्हणजे रॉयल कमिशन ऑन लेबरने, १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर बोट ठेवले आणि कामगार भरतीसाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमण्याची शिफारस केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० वा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२० साली संसदेने केलेल्या संहितेत ही मर्यादा २५० वर आणली आहे. आजच्या कार्मिक अधिकाऱ्याचा हा वंशवृक्ष आहे. जॉबरच्या हातातली भरती काढून ती नियमाच्या हातात द्यावी, यासाठी हे पद निर्माण झाले. जात, नाते आणि लाच यांच्या जागी नोंदवही यावी, हा त्याचा मूळ हेतू.

मग या अधिकाऱ्यांच्या व्यावसायिक संस्था उभ्या राहिल्या. १९४७ साली कोलकात्यात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट आणि १९५० साली मुंबईत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर मॅनेजमेंट. १९८० साली दोन्ही एकत्र होऊन नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट, म्हणजे एनआयपीएम, झाली. तिच्यात खासगी कंपन्यांचे अधिकारी आहेत आणि कोळसा, पोलाद, वीज, तेल अशा सार्वजनिक उपक्रमांचेही आहेत. पदविका अभ्यासक्रम, वार्षिक परिषदा, व्याख्याने, नियतकालिक असे तिचे काम चालते. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांची म्हणून 'स्कोप' ही वेगळी संस्था दिल्लीत आहे.

या संस्थांनी काही केले नाही असे म्हणणे अन्याय होईल. शिकलेला कार्मिक अधिकारी हा जॉबरपेक्षा हजार पटीने बरा. भविष्य निर्वाह निधी, उपदान, अपघाताची भरपाई, शिस्तभंगाच्या चौकशीत कामगाराला बचावाची संधी, या गोष्टी कागदावरून कामगाराच्या हातात येण्यात जाणकार कार्मिक अधिकाऱ्यांचा वाटा आहे. चौकशी नीट न करता कामगाराला काढले तर न्यायालयात हुकूम टिकत नाही, हे व्यवस्थापनाला पटवणारे पहिले लोक हेच. वकील म्हणून मी त्यांच्याविरुद्ध उभा राहिलो आहे आणि त्यांच्यातल्या चांगल्यांचा आदरही करतो.

परंतु माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या पदाचा जन्म भरतीतली जात काढण्यासाठी झाला, त्या पदाच्या संघटना आरक्षणाच्या अंमलबजावणीला आपल्या व्यवसायाचे काम मानतात का? कितीतरी कार्मिक अधिकाऱ्यांनी मला खासगीत सांगितले आहे की, बिंदुनामावली ते कोणत्याही वर्गात शिकले नाहीत. नोकरीला लागल्यावर हाताखालच्या जुन्या बाबूकडून शिकले. म्हणजे संविधानाच्या कलम १६(४) चा अर्थ या देशाच्या साहेबाला जुना बाबू शिकवतो! बाबूने चुकीचे शिकवले की चूक पिढ्यान्‌पिढ्या चालते. आणि ती चूक नेहमी एकाच बाजूने होते, हे विशेष.

एकाच टेबलावरची दोन कामे

बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ पर्यंतच्या चार वर्षांत त्यांनी काय केले? सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद चालवली. कोळसा खाण कामगारांसाठी १९४४ साली कल्याण निधी उभा राहिला. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादच्या खाणीत उतरले. कामाचे तास कमी करणारी दुरुस्ती, सेवायोजन कार्यालये, खाणीतल्या स्त्रियांना प्रसूतीचा लाभ, हे सगळे त्या काळातले. आणि त्याच काळात, १९४३ साली, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा राखून मिळाल्या. १९४६ साली ते प्रमाण १२.५ टक्के झाले. त्यामागे बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेले निवेदन होते.

याचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. कामगार कल्याण आणि नोकरीतले प्रतिनिधित्व ही बाबासाहेबांच्या टेबलावर दोन वेगळी कामे नव्हती. कामगाराला माणूस म्हणून वागवणे आणि वंचित माणसाला कामगार, कारकून, अधिकारी म्हणून आत घेणे, हे एकच काम होते. नंतरच्या कार्मिक व्यवस्थापनाने पहिले अर्धे काम उचलले, त्याचे शास्त्र बनवले, पदविका बनवली. दुसरे अर्धे मात्र कोपऱ्यात ढकलले. 'ते एससी-एसटी सेलचे काम आहे', असे म्हणून हात झटकले.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे प्रत्यक्ष पाहता येते. वणी तालुक्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उकणी, निलजई, मुंगोली अशा खाणी आहेत. खाणीसाठी शेत गेले तर दोन एकरांमागे एक नोकरी, असा कोल इंडियाच्या धोरणाचा सर्वसाधारण हिशेब आहे. ज्याचे शेत गेले त्याला नोकरी मिळालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण त्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या मजुरी करणारा भूमिहीन? त्याच्या नावावर सातबारा नाही. शेत गेले, तशी त्याची मजुरीही गेली. या हिशेबात त्याच्या वाट्याला नोकरी येत नाही. त्याच्या मुलाला त्या खाणीच्या कार्यालयात शिरायला एकच दार उरते, ते म्हणजे राखीव जागा. आणि त्या दाराची किल्ली असते कार्मिक विभागात. म्हणून बिंदुनामावली हा आमच्यासाठी हिशेबाचा कागद नाही. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याचा तोच सातबारा आहे.

जागा कशा जातात?

महाराष्ट्राचा आरक्षण कायदा २००१ सालचा. तो २९ जानेवारी २००४ पासून अमलात आला. अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमाती मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, असे एकूण ५२ टक्के आरक्षण त्यात आहे. तो केवळ मंत्रालयाला लागू नाही. महामंडळे, मंडळे, स्थानिक संस्था, विद्यापीठे यांनाही लागू आहे. जाणूनबुजून त्याचे उल्लंघन करणाऱ्या अधिकाऱ्याला कैद आणि दंड अशी शिक्षेची तरतूदही त्यात आहे. या तरतुदीखाली कोणी तुरुंगात गेल्याचे माझ्या वकिलीत मी पाहिले नाही.

१९९५ साली आर. के. सभरवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, बिंदुनामावली ही रिक्त जागांची नसून पदांची असते. संवर्ग एकदा पूर्ण भरला की, ज्या बिंदूवरचा माणूस निवृत्त झाला त्या बिंदूवर त्याच प्रवर्गाचा माणूस यायला हवा. आणि खुल्या गुणवत्तेवर निवडलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव कोट्यात मोजायचा नाही. नियम इतका स्वच्छ आहे. तरीही जागा जातात. कशा जातात, ते आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे.

पहिला मार्ग वर सांगितला. गुणवत्तेवर आलेल्याला राखीव बिंदूवर बसवायचे. दुसरा, नोंदवही वर्षानुवर्षे अद्ययावत करायचीच नाही आणि विचारले की 'प्रमाणीकरण सुरू आहे' असे सांगायचे. आमच्याकडे बिंदुनामावली अमरावतीला विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. नोंदवही अमरावतीला गेली की परत कधी येईल, हे कोणी सांगत नाही. तिसरा, आकृतिबंध बदलताना संवर्ग जोडायचे किंवा तोडायचे, म्हणजे जुना अनुशेष नव्या हिशेबात दिसेनासा होतो. आरक्षणाचा नवा कायदा आला की बिंदू नव्याने आखले जातात, तेव्हाही हाच धोका असतो. चौथा, 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा शेरा मारायचा. पाचवा, कागदपत्रांवर अडवायचे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० च्या कायदा दुरुस्तीने लागू झाल्या. तरी आजही बौद्ध उमेदवाराचा दाखला पाहून 'हा नमुना चालणार नाही' म्हणणारे बाबू भेटतात. पोरगा अकोला, अमरावती, यवतमाळ अशा चकरा मारतो तोवर मुदत संपते.

आदिवासी बांधवांच्या बाबतीत तर उघड दरोडाच पडला. खोट्या जमातीच्या दाखल्यावर लोक वीस-वीस वर्षे नोकऱ्या करत राहिले. जुलै २०१७ मध्ये जगदीश बहिरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा दाखला अवैध ठरला की नोकरीचे संरक्षण नाही. राज्य सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये त्या कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग केले. इतकी वर्षे त्या दाखल्यांची पडताळणी का झाली नाही? पडताळणीसाठी प्रकरण पाठवणे हे कार्मिक विभागाचेच काम होते ना? आर्णी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. इथल्या कोलाम, गोंड, परधान तरुणांनी हा प्रश्न विचारला तर कोणता साहेब उत्तर देणार?

आकडे कोणाकडे आहेत?

पदोन्नतीचा विषय तर कार्मिक विभागाशिवाय पुढे सरकूच शकत नाही. २००६ साली नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पदोन्नतीत आरक्षण द्यायचे तर राज्याने आकडेवारी गोळा करावी. २०१८ साली जर्नेलसिंग खटल्यात अनुसूचित जाती-जमातींचे मागासलेपण पुन्हा सिद्ध करण्याची अट काढली गेली, पण अपुऱ्या प्रतिनिधित्वाच्या आकडेवारीची अट राहिली. जानेवारी २०२२ च्या निकालाने ही आकडेवारी संवर्गनिहाय हवी, असे स्पष्ट केले. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी २५ मे २००४ चा पदोन्नतीतील आरक्षणाचा शासन निर्णय रद्द केला. नंतर ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची सगळी पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. आपण रस्त्यावर उतरलो, निषेध केला. ते योग्यच होते.

पण मी वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. रस्त्यावरच्या घोषणेने न्यायालयात आकडे तयार होत नाहीत. संवर्गनिहाय आकडेवारी म्हणजे काय? कोणत्या संवर्गात किती पदे, त्यात कोणत्या प्रवर्गाचे किती लोक, कोण कोणत्या वर्षी कोणत्या बिंदूवर आले, ही माहिती. ती कोणाकडे आहे? कार्मिक विभागाकडे. ती त्याने नीट ठेवली नाही, तर संसदेने १९९५ साली ७७ वी घटनादुरुस्ती करून दिलेले कलम १६(४अ) एका कपाटात मरते. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश बहुमत लागते. ती निष्फळ करायला एक आळशी नोंदवही पुरते.

कार्मिक व्यवस्थापकांची व्यावसायिक संघटना इथे काय करू शकते? सगळे काही. नोंदवहीचा एकसारखा नमुना ती ठरवू शकते. आकडेवारी कशी ठेवावी, याचे प्रशिक्षण देऊ शकते. परिषदेत या विषयाला एक सत्र नव्हे, एक दिवस देऊ शकते. पुरस्कार देताना अनुशेष किती भरला, हे पाहू शकते. ही कामे सरकारी हुकमाची वाट न पाहता करता येतात.

यावर उत्तर येईल की, व्यावसायिक संघटना तटस्थ असते, ती कोणत्या वर्गाची बाजू घेत नाही, तिला कार्यक्षमतेशी देणेघेणे. मी विचारतो, कायद्याची अंमलबजावणी ही बाजू घेणे कधीपासून झाले? भविष्य निर्वाह निधी वेळेत भरणे ही तटस्थता आणि राखीव पद वेळेत भरणे हा पक्षपात, हा कुठला न्याय? कार्यक्षमतेविषयी तर सर्वोच्च न्यायालयानेच मे २०१९ मध्ये पवित्रा खटल्याच्या दुसऱ्या निकालात सांगून ठेवले आहे की, प्रशासनाची कार्यक्षमता समाजातल्या सर्व घटकांना सामावून घेण्यात पाहिली पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने सार्वजनिक संस्थांवर समानतेचे कर्तव्य टाकले आहे. तिथे १५० वा अधिक कर्मचारी असलेल्या सार्वजनिक संस्थेला आपल्या कर्मचाऱ्यांविषयीची समानतेची माहिती प्रसिद्ध करावी लागते. तिथल्या कार्मिक व्यवस्थापकांना हे आपल्या व्यवसायाच्या बाहेरचे काम आहे, असे म्हणता येत नाही. मग इथे, जिथे संविधानाच्या पानावर हे लिहिले आहे, तिथे का म्हणता यावे?

पदच नाही तर बिंदू कुठला?

आता त्याहून मोठे संकट आले आहे. पदच न ठेवणे. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्यासाठी शासन निर्णय काढला, त्यात नऊ संस्था ठरवून दिल्या. राज्यभर असंतोष उसळला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची थेट प्रवेशाची ४५ पदांची जाहिरात तीन दिवसांत मागे घ्यावी लागली. हे विजय छोटे नाहीत. पण निर्णय रद्द झाला म्हणून कंत्राटी पद्धत संपली असे समजू नका. वीज कंपन्यांत, खाणींत, नगरपालिकांत, दवाखान्यांत कंत्राटी माणूस आहेच. केंद्राच्या नियमानुसार ४५ दिवस वा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकीलाही आरक्षण लागू होते. परंतु माणूस नेमणारा ठेकेदार असला की नेमणूक सरकारची राहत नाही, आणि बिंदूही राहत नाही.

मग भरती कोण करतो? ठेकेदाराचा सुपरवायझर. आपल्या गावचे, आपल्या नात्याचे, आपल्या ओळखीचे लोक घेतो. कामावर घ्यायचे पैसे खातो. ओळखलेत ना याला? हा तोच जॉबर आहे. नव्वद वर्षांपूर्वी ज्याला गिरणीच्या दारातून घालवायला कार्मिक अधिकारी आणला, त्याच कार्मिक अधिकाऱ्याच्या सहीने तो आज पुन्हा आत येतो आहे. सफाईचे कंत्राट असेल तर मात्र आपले लोक शंभर टक्के भरले जातात, तिथे कोणी गुणवत्ता विचारत नाही. कार्मिक व्यवस्थापकांच्या संघटनांना स्वतःच्या पदाची थोडी जरी चाड असेल, तर या प्रश्नावर त्यांनी आमच्याआधी बोलायला हवे होते.

आपले काय चुकले?

दुसऱ्याला प्रश्न विचारताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतली दीनाभाना यांची गोष्ट आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. साठच्या दशकात तिथल्या सुट्ट्यांच्या यादीतून बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंती काढली गेली. दीनाभाना या चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्याने विरोध केला, त्यांना निलंबित केले गेले. डी. के. खापर्डे आणि कांशीराम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यातूनच पुढे ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ उभी राहिली. पण सुट्ट्यांची यादी हे कोणाचे काम असते? आस्थापना विभागाचे. एका आस्थापना विभागाच्या कागदातून एवढी मोठी चळवळ निघाली, आणि आपण मात्र आस्थापना विभागाचा अभ्यास केला नाही!

आपल्या अधिकाऱ्यांनी कर्मचारी महासंघ काढले, त्यात फूट पाडली, पुन्हा काढले. निवेदने दिली, जयंत्या केल्या. पण व्यावसायिक संघटनांत, जिथे अभ्यासक्रम ठरतो, नियमांचे नमुने ठरतात, तिथे आपण गेलो नाही. गेलो तरी मागच्या खुर्चीवर बसलो. वर्गणी भरली, जेवण केले, परत आलो. 'आपण बोललो तर जातीचा शिक्का बसेल', ही भीती. शिक्का बसायचा तो बसलेलाच असतो. गप्प राहिल्याने तो पुसला गेल्याचे मी तरी पाहिले नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जे दुःख व्यक्त केले, ते ऐकून आपण टाळ्या वाजवतो. ते कोणाविषयी होते, हे विचारत नाही.

आम्हा वकिलांचेही चुकते. काही वर्षांपूर्वी एक भगिनी माझ्याकडे आली. मुलाखतीत तिला डावलले होते. मी तिच्या गुणांवर, मुलाखत समितीवर वाद घातला. बिंदुनामावली मागवलीच नाही. प्रकरण हरलो. नंतर कळले की त्या संवर्गात अनुशेष होता आणि तो जाहिरातीत दाखवलाच नव्हता. जाहिरात निघाली त्याच आठवड्यात नोंदवही मागितली असती, तर कदाचित तिचा निकाल वेगळा लागला असता. तिच्याजवळ मी चूक कबूल केली. ती म्हणाली, "पुढच्यासाठी तरी ध्यानात ठेवा, दादा." ते ध्यानात ठेवले म्हणूनच या तरुणाचे रोस्टर हाती लागले.

काय करायचे?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक सार्वजनिक उपक्रमाने आपली बिंदुनामावली दरवर्षी कार्यालयाच्या फलकावर लावावी. माहिती अधिकाराचे कलम ४ स्वतःहून माहिती जाहीर करा असेच सांगते, त्यासाठी अर्ज का करावा लागावा? भरतीच्या जाहिरातीसोबत त्या संवर्गाचे बिंदू आणि अनुशेष छापावेत. कार्मिक व्यवस्थापनाच्या प्रत्येक पदविकेत आरक्षण कायदा आणि बिंदुनामावली हा सक्तीचा, परीक्षेचा विषय असावा. संपर्क अधिकारी म्हणून कोणालाही खुर्चीवर न बसवता, प्रशिक्षण घेतलेला माणूस नेमावा. कंत्राटी मनुष्यबळाचीही प्रवर्गनिहाय नोंद ठेवून ती प्रसिद्ध करावी. व्यावसायिक संघटनांनी या पाच गोष्टींचा ठराव आपल्या परिषदेत करावा, आणि तिथे असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांनी तो मांडावा.

आपल्या तरुणांना मी वेगळेच सांगतो. सगळेच तलाठी आणि पोलीस भरतीच्या मागे धावू नका. समाजकार्याची पदवी घ्या, कामगार कायदा शिका, कार्मिक व्यवस्थापन शिका. मुंबईत परळला शासनाची श्रम विज्ञान संस्था आहे. तिला नाव आहे नारायण मेघाजी लोखंडे यांचे. जोतिरावांचा हा सत्यशोधक सहकारी गिरणी कामगारांचा पहिला पुढारी. गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती त्याच्यामुळे. त्या संस्थेत किती बहुजन पोरे जातात? किती जणांना ती माहीत तरी आहे? निरंक लिहिणारा हात बदलायचा असेल, तर त्या टेबलावर आपला माणूस पोचला पाहिजे. आणि पोचल्यावर तो आपला राहिला पाहिजे.

माझे वडील एका सरकारी महामंडळात शिपाई होते. राखीव जागेवर लागले. त्या पगारातून आम्ही भावंडे शिकलो, त्यातूनच माझ्या अंगावर हा काळा कोट आला. त्या काळी कोण्या कारकुनाने प्रामाणिकपणे एका रकान्यात एक आकडा लिहिला होता. त्याचे नाव मला माहीत नाही. तो कोणत्या जातीचा होता, तेही माहीत नाही. त्याने आपले काम नीट केले, एवढेच.

तो तरुण सध्या यवतमाळला एका दुकानात हिशेब लिहितो. मागासवर्ग कक्षाकडे आमचा अर्ज आहे. परवा त्याचा फोन आला होता. दुसऱ्या एका महामंडळाची जाहिरात आली आहे म्हणाला. मी विचारले, "अर्ज भरला का?" तो म्हणाला, "भरला साहेब. पण त्याच्या आधी रोस्टर मागितलं."